बातमी संपते तिथून पुढे

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



‘साक्ष नोंदवणं’ या विषयावर बोल, असं मला सांगितलं आहे. केसपेपर कसा भरायचा, तारखा कशा लिहायच्या, दवाखान्याचा कागद कुठे जोडायचा, हे सकाळच्या सत्रात झालं. ते मी परत सांगत नाही. मी एका बाईची गोष्ट सांगणार आहे. ती आपल्या गावची नाही, देशाचीही नाही. तिचं नाव जिल जॉलिफ. १९४५ साली ऑस्ट्रेलियात जन्मली, पत्रकार झाली आणि २०२२ च्या डिसेंबरात वारली. मधली चाळीसहून जास्त वर्षं तिने एका लहानशा देशाचा पिच्छा सोडला नाही. तो देश म्हणजे पूर्व तिमोर.

हे नाव किती जणींनी ऐकलंय? दोन-तीन हात दिसताहेत. हरकत नाही, मलाही खूप उशिरा कळलं.

इंडोनेशियाच्या बेटांच्या माळेत पूर्वेकडे तिमोर नावाचं बेट आहे. त्याचा पश्चिम भाग डचांनी घेतला, पूर्व भाग पोर्तुगीजांनी. या पोर्तुगीज तिमोरचा कारभार कित्येक वर्षं आपल्या गोव्यातून चालत असे. म्हणजे गोव्याचा आणि तिमोरचा मालक एकच. गोवा १९६१ मध्ये सुटला, तिमोर मागे राहिला. एप्रिल १९७४ मध्ये खुद्द लिस्बनमध्ये हुकूमशाही उलथली, तेव्हा कुठे तिथल्या लोकांना मोकळेपणी पक्ष काढता आले. फ्रेटिलिन हा त्यातला स्वातंत्र्यवादी पक्ष. ऑगस्ट १९७५ मध्ये विरोधी पक्षाने सत्ता बळकावण्याचा प्रयत्न केला, थोड्या काळाची यादवी झाली आणि तिच्यातून फ्रेटिलिन वर आला.

जिल तिथे पहिल्यांदा गेली ती मार्च १९७५ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या विद्यार्थी संघटनेच्या शिष्टमंडळाबरोबर. विद्यार्थी चळवळीत आणि स्त्रीमुक्तीच्या चळवळीत वाढलेली ही मुलगी. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात ती पुन्हा गेली, या वेळी बातमीदार म्हणून. इंडोनेशियाचं सैन्य सरहद्द ओलांडून आत घुसत होतं आणि ‘आमचे सैनिक तिथे नाहीतच’ असं जगाला सांगत होतं. हे खोटं उघडं पाडायचं तर डोळ्यांनी पाहणारं कोणीतरी तिथे हवं होतं.

१६ ऑक्टोबर १९७५ ला बालिबो या सरहद्दीवरच्या गावात पाच तरुण टीव्ही पत्रकार मारले गेले. ऑस्ट्रेलियाच्या दोन वाहिन्यांची ही माणसं. ग्रेग शॅकल्टन, टोनी स्ट्यूअर्ट, गॅरी कनिंगहॅम, माल्कम रेनी आणि ब्रायन पीटर्स. चकमकीत सापडून मेले, असं इंडोनेशियाने सांगितलं आणि ऑस्ट्रेलियाच्या सरकारने ते चालवून घेतलं.

२८ नोव्हेंबरला फ्रेटिलिनने राजधानी दिलीमध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं. तेव्हा जिल तिथे होती. आक्रमण आता दारात आलं होतं. २ डिसेंबरला रेड क्रॉसने परदेशी माणसांना बाहेर काढलं, त्यांच्याबरोबर जिलही निघाली. रॉजर ईस्ट नावाचा एक वयस्क पत्रकार मात्र मागे राहिला. ७ डिसेंबरला इंडोनेशियाचं सैन्य दिलीत उतरलं. ८ तारखेला रॉजर ईस्टला बंदराच्या धक्क्यावर नेऊन गोळी घातली.

आता नीट ऐका. त्याच धक्क्यावर त्याच दिवसांत तिमोरच्या कितीतरी लोकांना रांगेत उभं करून मारलं. त्यात रोझा बोनापार्ट होती, ‘मुकी’ म्हणायचे तिला. लिस्बनला शिकून परत आलेली ही तरुण मुलगी तिमोरी स्त्रियांच्या लोकसंघटनेची चिटणीस होती. पोर्तुगीज नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ओपीएमटी म्हणतात. ही संघटना २८ ऑगस्ट १९७५ ला स्थापन झाली. यादवीत पोरक्या झालेल्या मुलांसाठी बालवाड्या, बायकांसाठी साक्षरतेचे वर्ग अशी कामं तिने हाती घेतली. आणि ती बोलत कशाविरुद्ध होती? ‘बार्लाके’विरुद्ध, म्हणजे मुलीच्या बदल्यात तिच्या माहेरी जनावरं आणि मौल्यवान वस्तू देण्याची जी प्रथा होती तिच्याविरुद्ध. एका नवऱ्याच्या अनेक बायकांविरुद्ध. वसाहतीचा जाच आणि घरातल्या पुरुषाचा जाच अशा दोन्हींखाली बाई दबलेली आहे, एक गेला म्हणून दुसरा आपोआप जात नाही, हे रोझा १९७५ साली मांडत होती. संघटना स्थापन झाल्यापासून साडेतीन महिन्यांच्या आत तिला मारलं. फ्रेटिलिनचे नेते निकोलाव लोबातो यांची पत्नी इझाबेल, तिलाही त्याच धक्क्यावर मारलं.

आपण इथे काय करत होतो? आपल्याकडे आणीबाणी होती, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला होता. १२ डिसेंबर १९७५ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत इंडोनेशियाने सैन्य मागे घ्यावं असा ठराव आला. तो ७२ मतांनी संमत झाला. विरोधात फक्त १० मतं पडली आणि त्यांतलं एक आपल्या भारताचं होतं. म्हणून ही गोष्ट लांबची आहे असं म्हणू नका.

जिल वाचली. आपण वाचलो आणि मागे राहिलेले मेले, या गोष्टीचं माणूस काय करतं? कुणी ती विसरायला बघतं. जिलने उलट केलं. १९७८ मध्ये तिचं पूर्व तिमोरच्या राष्ट्रवादावरचं आणि वसाहतवादावरचं पुस्तक आलं. रोझाच्या संघटनेची दखल त्यात आहे. तिमोरचा इतिहास लिहिणाऱ्यांना आजही त्याच पानांकडे जावं लागतं. ती नोंद तेव्हा झाली नसती तर या बायकांना काय हवं होतं, हे त्यांच्याबरोबरच पुरलं गेलं असतं.

त्याच वर्षी ती लिस्बनला जाऊन राहिली आणि सुमारे वीस वर्षं तिथेच राहिली. बातमी तिमोरची आणि बाई बसली युरोपात, असं का? कारण इंडोनेशियाने तिमोरची दारं लावून घेतली होती. सैन्याच्या परवानगीशिवाय कुणाला आत जाता येत नव्हतं. पण जे निसटत होते ते पोर्तुगालला येत होते. लिस्बनजवळ जामोर नदीच्या खोऱ्यात निर्वासितांची वस्ती होती. माहिती तिथे होती, माणसांच्या पोटात. ती तिथे जात राहिली, विचारत राहिली. बालिबोला त्या दिवशी काय झालं ते पाहिलेली माणसंही तिला हळूहळू सापडत गेली.

पोट भरायला ती ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन वर्तमानपत्रांना आणि वृत्तसंस्थांना बातम्या पाठवायची. पोर्तुगालच्या आणि पोर्तुगीज बोलणाऱ्या आफ्रिकेच्या. परदेशी बातमीदार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे विमानं आणि हॉटेलं येतात. पण जे बाहेर राहून बातमीमागे पैसे घेतात, त्यांचं जिणं बरंचसं आपल्या शिवणकाम करणाऱ्या बायांसारखं असतं. नग दिला तर दाम. आणि तिमोरच्या मालाला फार थोडे गिऱ्हाईक होते. स्पेन-पोर्तुगालमध्ये बायकांना फसवून, कोंडून वेश्याव्यवसायात ढकलणाऱ्या टोळ्यांवरही तिने शोध घेतला. १९९२ मध्ये त्यावर ‘द पॅन्डोरा ट्रेल’ हा माहितीपट झाला. तेव्हा तिमोर हा तिचा छंद होता आणि बाकीची पत्रकारिता वेगळी, असं नव्हतं. ज्यांचं कुणी ऐकत नाही त्यांच्याकडे जायचं, ही तिची एकच वाट होती.

१२ नोव्हेंबर १९९१ ला दिलीतल्या सान्ता क्रूझ दफनभूमीत सैन्याने शोकयात्रेवर गोळीबार केला. मॅक्स स्टाल या पत्रकाराने त्याचं चित्रण केलं आणि टेप एका थडग्यात पुरून ठेवली. ती देशाबाहेर नेली सास्किया कोवेनबर्ग या डच पत्रकार बाईने, आतल्या कपड्यांत लपवून. जगाने ती चित्रं पाहिली तेव्हा पहिल्यांदा तिमोरची बातमी ‘बातमी’ झाली. म्हणजे सोळा वर्षांनी.

१९९४ मध्ये जिल पुन्हा तिमोरमध्ये शिरली. तिला प्रवेशबंदी होती. वय पन्नाशीला टेकलेलं. इंडोनेशियातून लपतछपत जाऊन डोंगरातल्या गनिमी सैन्याचा नेता निनो कोनिस सान्ताना याला भेटायचं, असा बेत. त्या प्रवासावर तिने पुढे २०१० मध्ये ‘फाइंडिंग सान्ताना’ हे पुस्तक लिहिलं. असा प्रवास एकटीच्या धाडसावर होत नसतो. तिमोरमध्ये निरोप्यांची गुप्त साखळी होती. डोंगरावर अन्न, औषधं, चिठ्ठ्या पोचवणारी. त्या साखळीत बायका मोठ्या संख्येने होत्या. पकडली गेली तर परदेशी बाईला फार तर देशाबाहेर काढतील, पण तिला आसरा देणारीचं काय होईल? हा हिशेब प्रत्येक वेळी मांडावा लागतो, आणि आपल्या कामातही मांडावा लागतो. पत्रकाचं श्रेय संघटनेला मिळतं, दगड मात्र साक्ष देणारीच्या घरावर पडतो.

पुढचं थोडक्यात सांगते. ३० ऑगस्ट १९९९ ला सार्वमत झालं, ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. मग जाता जाता सैन्याने आणि त्याने पोसलेल्या टोळ्यांनी देश जाळला. २० मे २००२ ला तिमोर स्वतंत्र झाला.

बालिबोवरचं जिलचं पुस्तक २००१ मध्ये आलं. ब्रायन पीटर्सची बहीण मॉरीन टॉलफ्री आणि ग्रेग शॅकल्टनची बायको शर्ली यांनीही वर्षानुवर्षं हा प्रश्न धरून ठेवला होता. अखेर २००७ मध्ये सिडनीच्या कोरोनर कोर्टात चौकशी झाली. न्यायाधीश डोरेल पिंच यांनी निष्कर्ष काढला की ते पाच जण चकमकीत मेले नाहीत. इंडोनेशियाच्या सैन्याचं आक्रमण उघडं पडू नये म्हणून त्यांना ठरवून मारलं. ज्या कॅप्टनचं नाव निकालात आलं तो १९९८ मध्ये त्या देशाचा माहितीमंत्री होऊन बसला होता. त्याने आरोप नाकारले. २००९ मध्ये जिलच्या पुस्तकावरून ‘बालिबो’ हा चित्रपट निघाला आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांनी युद्धगुन्ह्याचा तपास सुरू केला. २०१४ मध्ये पुरावा पुरेसा नाही म्हणून तो बंद केला. कुणालाही शिक्षा झाली नाही.

आता तुमच्या मनात आलेला प्रश्न मीच विचारते. पाच परक्या पुरुषांसाठी एवढी पुस्तकं, चौकशी, चित्रपट. आणि तिमोरच्या माणसांचं काय? तिथल्या सत्यशोधन आयोगाने २००५ मध्ये अहवाल दिला. त्याचं नाव ‘शेगा’, म्हणजे ‘बस झालं’. त्यानुसार १९७४ ते १९९९ या काळात संघर्षामुळे किमान १,०२,८०० माणसं मेली. त्यातली सुमारे १८,६०० मारली गेली किंवा नाहीशी झाली, बाकीची उपासमारीने आणि आजाराने गेली. त्यांच्यासाठी कोणत्या कोर्टात कोण बसलं?

हा आक्षेप खरा आहे, तो गिळून टाकू नका. जगाच्या तराजूत गोऱ्या माणसाचं मरण जड भरतं. पण मला असंही वाटतं की जिलने तो तराजू ओळखून वापरला. तिच्या देशातल्या लोकांना त्या पाच मुलांबद्दल वाटत होतं, म्हणून तिने ते दार ठोठावलं. महत्त्वाचं हे, की दार उघडल्यावर ती उंबऱ्यावर थांबली नाही.

स्वातंत्र्यानंतर ती पुन्हा दिलीत गेली आणि ‘लिव्हिंग मेमरी’, म्हणजे जिवंत स्मृती, या नावाचा प्रकल्प तिने उभा केला. माजी राजकीय कैद्यांच्या साक्षी व्हिडिओवर नोंदवून ठेवायचं काम. त्यात बायका होत्या. सैन्याने दिलीत सांग ताई हू नावाच्या दुकानाच्या इमारतीत, बालिदेच्या तुरुंगात बायकांना डांबलं होतं. कितीतरी कुटुंबांना अतौरो बेटावर नेऊन टाकलं होतं. नवरा डोंगरात आहे, भाऊ डोंगरात आहे, म्हणून बाईला धरायचं आणि तिच्या देहावर सूड घ्यायचा, ही रीत होती. सत्यशोधन आयोगापुढे बलात्कार, लैंगिक गुलामी आणि लैंगिक छळाच्या ८५३ घटना नोंदल्या गेल्या. खरा आकडा याहून खूप मोठा असणार, हे आयोगानेच म्हटलं. एप्रिल २००३ मध्ये बायकांसाठी जाहीर सुनावणी झाली. त्या बोलल्या आणि देशाने रेडिओ-टीव्हीवर ऐकलं. आयोगाची कचेरी होती बालिदेच्या त्याच जुन्या तुरुंगात.

सुनावणीनंतर त्या बायका घरी गेल्या. तेव्हा गावाने काय म्हटलं असेल, हे मी तुम्हांला सांगायला नको. मथुरेच्या खटल्यापासून आपण हेच पाहत आलो आहोत. पोलीस ठाण्यात काय झालं यापेक्षा बाईचं आधीचं चारित्र्य काय, याच्यावरच कोर्टाचा वेळ जातो. तिमोरमध्ये तर लढलेल्या पुरुषाला वीर म्हणत होते आणि सैनिकापासून झालेलं मूल पदरात असलेल्या बाईकडे बघून तोंड फिरवत होते. आणि स्वतंत्र देशातही घरातला मार थांबला नाही. त्याच्याविरुद्ध कायदा यायला २०१० साल उजाडलं. रोझा १९७५ मध्ये काय म्हणत होती ते आता पुन्हा आठवा.

यातून मी काय घेतलं ते सांगते. आधी एक कबुली.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका बाईची हकिगत मी पत्रकात लिहिली होती. नाव बदललं होतं. पण गाव खरं ठेवलं, नवऱ्याचा धंदा खरा ठेवला. पत्रक चांगलं झालं, मोर्चाला गर्दी झाली. आठ दिवसांनी ती आली आणि म्हणाली, “ताई, तुमचं काम झालं, माझं गाव सुटलं.” ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने मला विश्वासाने सांगितलं होतं आणि मी ते छापण्याआधी तिला वाचून दाखवलं नव्हतं. तेव्हापासून माझा एक नियम आहे. बाईने दिलेली साक्ष ही ठेव आहे. ती आपल्या नावावर करायची नाही. लिहिलेलं तिला वाचून दाखवायचं. तिने ‘नको’ म्हटलं तर कितीही चांगला मजकूर असो, फाडायचा. आज ‘हो’ म्हणाली आणि उद्या ‘नको’ म्हणाली, तरी फाडायचा.

दुसरी गोष्ट, तारीख-वार. जिल तीस-पस्तीस वर्षांनंतरही उपयोगी पडली ती भावनेने नव्हे, टिपणांनी. कोण, कुठे, कोणत्या दिवशी, कुणी पाहिलं. ‘फार अत्याचार झाले’ असं लिहिलेला कागद कोर्टात उभा राहत नाही. ‘मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, अमक्या दारातून’ असं लिहिलेला राहतो. आपल्या कपाटातल्या वह्या वाळवीला देऊ नका. आज ज्या केसचं काही होणार नाही असं वाटतं, तिची मुलगी उद्या कदाचित तुमच्याकडे येईल आणि विचारेल, माझ्या आईचं काय झालं होतं?

तिसरी गोष्ट, निःपक्षपातीपणाची. पत्रकाराने चळवळीत पडू नये, असं म्हणतात. आपल्यालाही म्हणतात, तुम्ही बायकांच्याच बाजूच्या, तुमचं कोण खरं मानणार? मला वाटतं, बाजू घेणं आणि खोटं सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिलने बाजू घेतली होती, लपवली नव्हती. म्हणूनच तिला पुरावा इतरांपेक्षा जास्त घट्ट लागायचा. आपलंही तसंच असलं पाहिजे. आपल्या बाजूची बाई चुकीचं सांगत असेल तर आधी आपल्याला कळलं पाहिजे, विरोधी वकिलाला नव्हे.

आणि शेवटची गोष्ट, टिकून राहण्याची. १९७५ ते २००७ म्हणजे बत्तीस वर्षं. त्यानंतरही कुणी तुरुंगात गेलं नाही. मग काय मिळवलं? सरकारने सांगितलेलं ‘चकमकीत मेले’ हे वाक्य आता कुणाला सरळ मानेने म्हणता येत नाही. एवढंच. हे थोडं आहे का? ज्या बाईला वर्षानुवर्षं ‘तू खोटं बोलतेस’ असं ऐकावं लागलंय, तिला विचारून बघा.

आता चहा घेऊ. नंतर प्रत्येक गटाने आपल्याकडची एक जुनी, बंद पडलेली केस काढायची आहे. फाइल उघडा. त्या बाईचा पत्ता अजून तोच आहे का बघा. आणि पुढच्या बैठकीआधी तिच्या घरी जाऊन या. काही मागायला नव्हे, कशी आहेस विचारायला.